ट्रॅक हरवत नाही, तारीख हरवते



जॅझ ऐकायला लागलेल्या माणसाला वर्ष-दोन वर्षांत एक दुखणं हमखास जडतं. अल्बम तोच, कव्हरवरचा फोटो तोच, पण आपल्या प्रतीवर सहा ट्रॅक आणि मित्राच्या सीडीवर दहा. लायब्ररीतून आणलेल्या जुन्या एलपीवर एक ट्रॅक सव्वातीन मिनिटांत आटपतो, तोच ट्रॅक नव्या सीडीवर सव्वासहा मिनिटं चालतो. एखादी धून कुठेतरी ऐकल्याचं पक्कं आठवतं, पण ज्या अल्बमवर ती असायला हवी तिथे ती नसतेच. मग माणूस जुन्या सीड्यांची दुकानं पालथी घालतो, एकाच अल्बमच्या तीन-तीन प्रती घेतो, घरात बोलणी खातो, आणि चौथ्या प्रतीवर भलतंच काही निघतं.

या दुखण्यावर औषध आहे आणि ते स्वस्त आहे. अल्बमचं नाव बाजूला ठेवायचं आणि रेकॉर्डिंगची तारीख धरायची. अल्बमचं नाव निर्मात्यानं किंवा कंपनीनं ठेवलेलं असतं, आणि कंपनी ते हवं तेव्हा बदलते, जोडते, तोडते. कोण, कुठे, कुठल्या दिवशी वाजवत होतं हे मात्र बदलत नाही. एकदा तारीख हाती लागली की 'गहाळ' वाटणारे बहुतेक ट्रॅक कुठे ना कुठे सापडतात.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण हिंदी सिनेमाच्या गाण्यांवर वाढलेल्या आपल्यासारख्यांचा इथे गोंधळ होतो. सिनेमाच्या गाण्याची शेवटी एक पक्की प्रत ठरते आणि सगळं जग तीच ऐकतं. जॅझमध्ये तसं नाही. तीच धून त्याच दिवशी तीनदा वाजली तर तिन्हीदा मधलं सगळं वेगळं असतं. आपल्याकडे तोच गवई, तोच यमन, तीच बंदिश, तरी पुण्याची मैफल वेगळी आणि धारवाडची वेगळी, तसंच. त्यामुळे सीडीच्या पाठीवर 'आल्टरनेट टेक' असं लिहिलेलं असतं तो काही कच्चा खर्डा नव्हे. ते पूर्ण वाजवलेलं आणि पुन्हा कधीच तसं न वाजलेलं संगीत असतं. म्हणून तर ते शोधायचं.

आता हे ट्रॅक जातात कुठे? मला सापडलेली कारणं उदाहरणांसकट सांगतो.

१. जागा पुरत नाही

एलपीच्या एका बाजूला साधारण वीस-बावीस मिनिटं नीट मावतात, दोन्ही मिळून चाळीस-पंचेचाळीस. क्लबमधलं रेकॉर्डिंग तासन् तास चालतं. तेव्हा उरलेलं राहणारच.

न्यूयॉर्कमध्ये सेव्हन्थ अव्हेन्यू साऊथवर एका तळघरात 'व्हिलेज व्हॅनगार्ड' नावाचा क्लब आहे, १९३५ पासूनचा. (न्यू जर्सीकर मंडळींनी पाथनं जावं, गाडी ठेवायला जागा मिळत नाही.) ३ नोव्हेंबर १९५७ रोजी सॉनी रॉलिन्स तिथे सॅक्सोफोन वाजवत होता, सोबत फक्त बास आणि ड्रम. दुपारच्या सेटला बासवर डोनाल्ड बेली आणि ड्रमवर पीट ला रोका, रात्री बासवर विल्बर वेअर आणि ड्रमवर एल्विन जोन्स. ब्लू नोट कंपनीनं यातले सहा ट्रॅक निवडून '१५८१' क्रमांकाची एलपी काढली. त्यातला 'अ नाइट इन ट्युनिशिया' तेवढा दुपारच्या मंडळींचा, बाकी सगळं रात्रीचं. गंमत म्हणजे हीच धून रात्रीही वाजली होती, दुसऱ्या साथीदारांबरोबर. पण एलपीवर एकाच ट्युनिशियाला जागा होती.

उरलेलं बरंचसं १९७५ साली 'मोअर फ्रॉम द व्हॅनगार्ड' नावाच्या दोन एलपींवर आलं. १९८७ मध्ये दोन वेगवेगळ्या सीड्या निघाल्या आणि १९९९ मध्ये सगळं एकत्र, दुपार आणि रात्र वेगळी करून, दोन सीडींच्या संचात. म्हणजे एकाच दिवसाचं वाजवणं मांडण्याचे चार प्रकार झाले. यातली एखादीच प्रत हाती आली तर माणूस गोंधळणारच. पण 'दुपार की रात्र, बेली की वेअर' एवढं लिहून ठेवलं की कोडं सुटतं.

२. कात्री चालते

कधी ट्रॅक जागेवर असतो, पण आतून कापलेला असतो. हा प्रकार जास्त फसवा, कारण यादी पाहून काहीच कळत नाही. चार्ल्स मिंगसचा 'मिंगस आह अम' हा कोलंबिया कंपनीचा १९५९ चा अल्बम घ्या. मे महिन्यात दोन दिवसांत रेकॉर्ड झालेला, निर्माता टिओ मॅसेरो. एलपीवर नऊ ट्रॅक आले आणि त्यातल्या सहांना कात्री लागली. 'बर्ड कॉल्स' वाजवला होता सव्वासहा मिनिटं, एलपीवर आला सव्वातीन मिनिटांचा. 'जेली रोल' सव्वासहाचा चार मिनिटांवर आला. लेस्टर यंग हा थोर सॅक्सोफोनवादक त्याच वर्षी मार्चमध्ये गेला होता. त्याच्या आठवणीत मिंगसनं 'गुडबाय पोर्क पाय हॅट' केलं, आणि त्यातलंसुद्धा जवळजवळ एक मिनिट गेलं.

कात्री लागली ती मुख्यतः सोलोंना, म्हणजे वादक एकटा पुढे येऊन जे फुलवतो त्याला. मूळ धून शाबूत राहते म्हणून ऐकणाऱ्याला शंका येत नाही. एलपी चाळिशीच्या घरात बसवायची तर काहीतरी जाणार हे खरं, आणि कापलेली एलपीही उत्तमच आहे, पण गेलं ते वादकांचं. हे न कापलेलं वाजवणं पहिल्यांदा १९७९ साली 'नॉस्टॅल्जिया इन टाइम्स स्क्वेअर' या वेगळ्याच नावाच्या दोन एलपींवर आलं आणि १९९० च्या दशकाच्या शेवटी सीडीवर. तेव्हा लक्षात ठेवायचं ते हे, की ट्रॅकच्या नावाशेजारी छापलेली मिनिटं-सेकंदं शोभेची नसतात. दोन प्रती शेजारी ठेवून पहिल्यांदा तीच ताडून बघायची.

३. निवडीमागे माणूस असतो

सुरुवातीला सहा आणि दहा ट्रॅकांचं म्हटलं ते बिल एव्हान्सच्या 'वॉल्ट्झ फॉर डेबी'बद्दल. या अल्बमची कथा मला सगळ्यात जवळची वाटते.

२५ जून १९६१, रविवार. जागा पुन्हा तीच, व्हिलेज व्हॅनगार्ड. पियानोवर बिल एव्हान्स, बासवर स्कॉट लाफारो, ड्रमवर पॉल मोशियन. दुपारी दोन आणि रात्री तीन असे पाच सेट झाले आणि रिव्हरसाइड कंपनीनं दिवसभर टेप चालू ठेवली. लोक जेवताहेत, ग्लास किणकिणताहेत, मधेच कुणी हसतंय, हे सगळं टेपवर आहे. लाफारोचं वय २५. बासनं मागे बसून नुसता ठेका धरायचा हा रिवाज मोडून तो पियानोशी बरोबरीनं बोलत होता.

त्यानंतर अकराव्या दिवशी, ६ जुलैला, न्यूयॉर्क राज्यातच मोटार अपघातात लाफारो गेला. एव्हान्स इतका खचला की पुढचे काही महिने त्यानं लोकांसमोर वाजवलंच नाही.

आता टेपांचं काय करायचं? निर्माता ऑरिन कीपन्यूज आणि एव्हान्स यांनी पहिली एलपी काढली ती 'संडे अ‍ॅट द व्हिलेज व्हॅनगार्ड'. कव्हरवर लाफारोचं नाव वेगळं छापलं. पहिला ट्रॅक 'ग्लोरियाज स्टेप' आणि शेवटचा 'जेड व्हिजन्स', दोन्ही लाफारोच्या रचना. मधल्या ट्रॅकांतही बास पुढे असलेलेच निवडलेले. एलपीच्या रूपातली श्रद्धांजलीच ती. उरलेल्यातले सहा ट्रॅक पुढच्या वर्षी 'वॉल्ट्झ फॉर डेबी' म्हणून आले. म्हणजे ज्या दोन अल्बमांना आपण दोन वेगळ्या कलाकृती समजतो ते एकाच रविवारचे दोन तुकडे आहेत. लाफारो जगता तर त्या रविवारातून कदाचित वेगळेच बारा ट्रॅक निवडले गेले असते.

या दोन्हींत न बसलेलं हळूहळू बाहेर आलं. 'पोर्गी' १९८० च्या दशकात आलं, मग सीडीच्या काळात 'डेबी'वर चार ट्रॅक वाढून सहाचे दहा झाले. एक ट्रॅक मात्र २००५ च्या तीन सीडींच्या संपूर्ण संचापर्यंत बहुतेकांना ऐकायला मिळाला नव्हता. तो म्हणजे दुपारच्या पहिल्या सेटमधला 'ग्लोरियाज स्टेप'चा पहिला टेक. का? तर मधेच वीज गेली आणि टेपवर खळगा पडला. वीज काय फक्त आपल्याकडेच जाते असं नाही, मॅनहॅटनमध्येही जाते.

त्या दिवशी 'ग्लोरियाज स्टेप' तीनदा वाजलं, 'ऑल ऑफ यू' तीनदा, 'जेड व्हिजन्स' दोनदा. संपूर्ण संच दुपारपासून रात्रीपर्यंत वाजल्या क्रमानं आहे. तो ऐकला की दुपारी चाचपडत सुरू झालेलं रात्री कुठे पोचतं ते कळतं. दोन एलपींवरून ते कळायला मार्गच नव्हता.

४. एक मुक्काम, अनेक बारशी

याच नोव्हेंबरात, म्हणजे १९६१ च्याच, जॉन कोल्ट्रेन त्याच तळघरात होता, सोबत एरिक डॉल्फी. १, २, ३ आणि ५ नोव्हेंबर अशा चार रात्री इम्पल्स कंपनीनं रेकॉर्ड केल्या. पुढच्या वर्षी 'लाइव्ह अ‍ॅट द व्हिलेज व्हॅनगार्ड' आला तो फक्त तीन ट्रॅकांचा, कारण एकटा 'चेसिंग द ट्रेन' एलपीची एक अख्खी बाजू खातो.

बाकीचं कुठे? १९६३ साली 'इम्प्रेशन्स' नावाचा अल्बम निघाला. त्यावरचे दोन लांब ट्रॅक, 'इंडिया' आणि 'इम्प्रेशन्स', हे व्हॅनगार्डचेच, ३ नोव्हेंबरचे. उरलेले दोन स्टुडिओतले, निराळ्या वर्षांतले. नावात व्हॅनगार्डचा पत्ता नाही. १९७७ मध्ये आणखी काही ट्रॅक 'द अदर व्हिलेज व्हॅनगार्ड टेप्स'मध्ये आले, १९७९ मध्ये आणखी काही 'ट्रेन्स मोड्स'मध्ये. १९९७ साली चार सीडींचा संच निघाला तेव्हा २२ ट्रॅक एका जागी आले. त्यात 'इंडिया' चार वेळा आहे, प्रत्येक रात्रीचं एक.

'इंडिया' हे नाव उगाच नाही. कोल्ट्रेन त्या काळात भारतीय संगीत मन लावून ऐकत होता, रविशंकरांचं विशेष, आणि १९६५ साली जन्मलेल्या आपल्या मुलाचं नाव त्यानं रवी ठेवलं ते त्यांच्याच नावावरून. आपल्या मंडळींनी त्या चारही 'इंडिया' ओळीनं ऐकून बघाव्यात. एका स्वरावर मुक्काम करून तिथेच विस्तार करत राहणं म्हणजे काय हे आपल्याला कुणी समजावून सांगावं लागत नाही. पण १९६३ च्या एलपीवर यातली एकच होती आणि तीही 'इम्प्रेशन्स' नावाखाली.

इथे आणखी एक सापळा आहे. 'माइल्स मोड' आणि 'द रेड प्लॅनेट' ही एकाच धूनेची दोन नावं. उलट 'चेसिंग अनदर ट्रेन' हे वेगळं नाव दिसतं म्हणून वेगळी रचना समजू नका. एल्विन जोन्सऐवजी रॉय हेन्स ड्रमवर होता, त्या २ नोव्हेंबरच्या टेकचं ते बारसं.

५. दुरुस्त्या आणि सोंगं

७ जुलै १९५६ ला न्यूपोर्टच्या महोत्सवात ड्यूक एलिंग्टनचा वाद्यवृंद वाजला. 'डिमिन्युएंडो अँड क्रेसेंडो इन ब्लू' चालू असताना पॉल गॉन्साल्विसनं सॅक्सोफोनवर एकापाठोपाठ एक २७ आवर्तनं घेतली आणि लोक खुर्च्या सोडून नाचायला लागले. एलिंग्टनची उतरती कळा त्या रात्री संपली असं सगळेच मानतात. पण गॉन्साल्विस वाजवत होता तो भलत्याच मायक्रोफोनसमोर. कोलंबियाचा माइक बाजूला राहिला आणि हा 'व्हॉइस ऑफ अमेरिका' या रेडिओच्या माइकमध्ये वाजवत राहिला. शिवाय महोत्सवासाठी खास केलेली नवी रचनाही मनासारखी झाली नव्हती. दोन दिवसांनी निर्माता जॉर्ज अवाकियननं वाद्यवृंदाला स्टुडिओत बोलावलं, बरंचसं पुन्हा वाजवून घेतलं आणि त्यावर टाळ्या चढवल्या. 'न्यूपोर्ट' म्हणून जग चाळीस वर्षं जी एलपी ऐकत होतं त्यातला मोठा भाग न्यूपोर्टचा नव्हताच.

१९९६ साली रेडिओची टेप सापडली. मग दोन्ही टेपा, कंपनीची आणि रेडिओची, बरोबर जुळवून १९९९ मध्ये दोन सीडींचा संपूर्ण संच निघाला. दोन जागी ठेवलेल्या माइकांचे दोन वेगळे आवाज असल्यामुळे त्यातून स्टिरिओसुद्धा जमून आला. त्या संचात खरी मैफलही आहे आणि स्टुडिओतली दुरुस्तीही, शेजारी-शेजारी.

दुसरं उदाहरण सगळ्यांच्या घरात असलेल्या 'काइंड ऑफ ब्लू'चं. २ मार्च १९५९ ला पहिल्या बाजूचे तिन्ही ट्रॅक रेकॉर्ड झाले तेव्हा मुख्य मशीन किंचित हळू फिरत होतं. त्यामुळे वाजवताना सूर चढे लागायचे. हार्मोनियम घेऊन जुन्या एलपीबरोबर बसा, ना काळी जुळेल ना पांढरी. १९९२ साली त्या दिवशी जोडीला फिरत असलेल्या दुसऱ्या मशीनची टेप वापरून ही चूक सुधारली गेली. त्याआधीची प्रत आणि नंतरची प्रत यांवर ट्रॅक तेच, पण स्वर वेगळे. 'फ्लॅमेन्को स्केचेस'चा दुसरा पूर्ण टेक १९९७ च्या सीडीवर शेवटी जोडला आहे.

मग शोधायचं कसं?

एक साधी वही घ्या किंवा कॉम्प्युटरवर तक्ता करा. त्यात अल्बमनुसार नोंद न करता तारखेनुसार करा. रकाने असे:

पहिला, तारीख आणि जागा. क्लबचं रेकॉर्डिंग असेल तर दुपार की रात्र, कितवा सेट, हेही.

दुसरा, वादक. ड्रमवाला बदलला की समजा टेक बदलला.

तिसरा, मॅट्रिक्स नंबर आणि टेक. कॅटलॉग नंबर तबकडीचा असतो, मॅट्रिक्स नंबर रेकॉर्ड केलेल्या धूनेचा. चार्ली पार्करनं २६ नोव्हेंबर १९४५ ला सॅव्हॉय कंपनीसाठी 'बिलीज बाउन्स' वाजवलं त्याचा नंबर ५८५०, आणि टेक पाच. कुठल्याही देशात, कुठल्याही कव्हरमध्ये ती तबकडी आली तरी ५८५० चा तिसरा टेक तो तिसराच.

चौथा, लांबी, सेकंदांपर्यंत.

पाचवा, दुसरी नावं असतील तर ती.

आणि सहावा, हे कुठकुठल्या प्रतींवर आहे.

उदाहरणार्थ: '३ नोव्हेंबर १९५७, रात्र, अ नाइट इन ट्युनिशिया, वेअर-जोन्स. मूळ एलपीवर नाही, १९९९ च्या संचात आहे.' पाच-सहा अल्बमांची अशी नोंद केलीत की घरात असलेलंच पुन्हा विकत घेणं थांबतं. घरातली बोलणीही कमी होतात, हा वरचा फायदा.

ही माहिती मिळते कुठे? जॅझच्या शौकिनांनी अशा याद्यांचं एक शास्त्रच केलं आहे. फ्रान्समध्ये चार्ल्स देलोनेनं १९३६ साली 'हॉट डिस्कोग्राफी' काढली तिथपासून ही परंपरा आहे. आता बहुतेक कंपन्यांच्या सेशनवार याद्या इंटरनेटवर मिळतात, 'डिस्कॉग्ज'वर एकेका अल्बमच्या सगळ्या देशांतल्या प्रती दिसतात. पण माझा जास्त विश्वास संचाबरोबर येणाऱ्या पुस्तिकांवर. मायकेल कस्कुना या गृहस्थांनी १९७० च्या दशकाच्या मध्यापासून ब्लू नोटची कोठारं उपसली, पुढे चार्ली लूरी यांच्याबरोबर 'मोझेक रेकॉर्ड्स' काढली आणि एकेका वादकाचं काम तारीखवार लावून दिलं. २०२४ साली ते गेले. आज आपण जे सुटसुटीतपणे ऐकतो त्यामागे या माणसानं धुळीत घालवलेली वर्षं आहेत.

दोन गोष्टींपासून मात्र सांभाळा. युरोपात १९६२ अखेरपर्यंत प्रसिद्ध झालेल्या रेकॉर्डिंगांवरचा हक्क संपलेला आहे. त्यामुळे 'दोन अल्बम एकात, वर पाच बोनस' अशा स्वस्त सीड्या तिथे खूप निघाल्या. ब्रिटनमधल्या मंडळींना त्या ठाऊक असतील. गहाळ ट्रॅक त्यात कधीकधी खरंच सापडतो, पण तारखा ताडून घ्या, आणि वादकाच्या घरी त्यातला एक पैसा जात नाही हेही माहीत असू द्या. दुसरी गोष्ट, फोनवर ऐकण्याच्या सेवा. तिथे १९५७ च्या रेकॉर्डिंगवर बरेचदा पुनर्प्रकाशनाचं साल लागलेलं असतं, वादकांची नावं सहज सापडत नाहीत, आणि अमेरिकेत दिसणारा ट्रॅक भारतात किंवा दुबईत दिसेलच असं नाही. आज असलेला बोनस उद्या काढलाही जातो. म्हणजे जे हुडकायला पन्नास वर्षं लागली ते पुन्हा गहाळ व्हायची सोय. जे खरंच आवडतं त्याची प्रत घरात असू द्या.

खरोखर हरवतं तेव्हा

ट्रॅक 'सहसा' हरवत नाही असं वर म्हटलं, त्यातला 'सहसा' महत्त्वाचा. ६ मार्च १९६३ ला कोल्ट्रेनच्या चौकडीनं न्यू जर्सीतल्या एंगलवूड क्लिफ्सला रूडी व्हॅन गेल्डरच्या स्टुडिओत एक अख्खा दिवस वाजवलं. त्या दिवशीच्या मूळ टेपा कंपनीनं १९७० च्या दशकात जागा वाचवायला नष्ट केल्या. दिवस संपला होता असंच धरायचं. पण व्हॅन गेल्डरनं घरी ऐकायला म्हणून एक जोड टेप कोल्ट्रेनला दिली होती, आणि ती त्यानं पत्नी नाइमाकडे ठेवली होती. तिच्या कुटुंबाकडे ती राहिली, आणि त्या एका टेपेवरून २०१८ साली 'बोथ डायरेक्शन्स अ‍ॅट वन्स' हा अल्बम निघाला, वाजवल्यानंतर ५५ वर्षांनी.

१ जून २००८ रोजी हॉलिवूडच्या युनिव्हर्सल स्टुडिओच्या आवारात आग लागली, तिथे मूळ टेपांचं कोठारही होतं. कोल्ट्रेनच्या इम्पल्सच्या टेपाही त्यात गेल्याचं २०१९ साली न्यूयॉर्क टाइम्सनं लिहिलं. नेमकं किती गेलं यावर वाद झाला, पण कोठार जळालं हे खरं.

उलट बाजूही आहे. मंक आणि कोल्ट्रेन यांची २९ नोव्हेंबर १९५७ ची कार्नेगी हॉलची मैफल २००५ साली वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये सापडली, जुन्या टेपा डिजिटल करण्याच्या तयारीत असताना. मैफल झाली होती हे जाणकारांना माहीत होतं, तारीख माहीत होती, खोकं तेवढं सापडायचं होतं. कोल्ट्रेन आणि डॉल्फीची १९६१ ची 'व्हिलेज गेट'ची टेप न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीत सापडली आणि २०२३ मध्ये ऐकायला मिळाली.

या सगळ्यांत एक सूत्र दिसतं. कंपनीनं टाकलेलं कुणाच्या तरी कपाटात, कुठल्या तरी लायब्ररीत राहिलं म्हणून वाचलं. आणि सापडल्यावर ते काय आहे हे ओळखता आलं, कारण कुणीतरी कधीतरी तारखा लिहून ठेवल्या होत्या. तेव्हा कुणाच्या तळघरात, गॅरेज सेलमध्ये जुनी स्पूल किंवा हातानं लिहिलेलं लेबल असलेली तबकडी दिसली तर ती टाकू देऊ नका, लेबल वाचा. आणि हे जॅझपुरतंच नाही. पुण्या-मुंबईचं जुनं घर आवरताना वडिलांनी कुणाच्या मैफलीला जाऊन भरून आणलेल्या कॅसेट निघतात. त्यांवर गाणाऱ्याचं नाव असतं, तारीख नसते. ज्यांना आठवत असेल त्यांना आजच फोन करून विचारा आणि पेन्सिलीनं लिहून ठेवा.

शेवटी एक सुचवणी. 'वॉल्ट्झ फॉर डेबी' ऐकायची असेल तर पहिल्यांदा मूळ सहाच ट्रॅक, मूळ क्रमानं ऐका आणि थांबा. कीपन्यूज आणि एव्हान्सनं विचार करून लावलेला क्रम आहे तो. मग एखाद्या रविवारी सवडीनं तीन सीड्या दुपारपासून रात्रीपर्यंत ओळीनं लावा. वीज गेलेल्या त्या पहिल्या टेकपासून.

आणि तुमच्यापैकी कुणाच्या यादीत एखाद्या धूनेपुढे अजून प्रश्नचिन्ह असेल तर तारीख आणि वादकांच्या नावांसकट जरूर कळवा. नुसतं अल्बमचं नाव पाठवलंत तर परत पाठवीन.